पावसाळ्यानंतर ओटीजी लावताच आरसीसीबी पडतो, आणि नानखटाई खालून करपते

समिधा_देवगड

नमस्कार. माझ्याकडे 40 लिटरचा, 2000 वॅटचा ओटीजी (भाजण्या-शेकण्याचा विजेचा ओव्हन) आहे. आमचे घर देवगडला खाडीजवळ आहे. मे महिन्यात आंब्याचे केक करून झाल्यावर ओव्हन पुसून, त्यावर प्लॅस्टिकचे आवरण घालून ठेवून दिला होता आणि संपूर्ण पावसाळ्यात तो लावण्याचा प्रसंग आला नाही. आता दिवाळीच्या नानखटाईच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हणून बाहेर काढला, तर पुढील अडचण उभी राहिली आहे.

प्लग लावून भिंतीवरचे बटण दाबले की काहीही होत नाही. ओव्हनमधला दिवा लावला तर तो नीट लागतो. मात्र निवडीचे बटण 'खालचा आणि वरचा रॉड' या खुणेवर नेऊन टायमर फिरवला की घराचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ताबडतोब पडतो आणि सगळ्या घराची वीज जाते. स्वयंपाकघराचा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) मात्र पडत नाही. शेजारच्या जुन्या घरात आरसीसीबी बसवलेला नाही; तिथे हाच ओव्हन लावून पाहिला, तर तो चालू झाला आणि व्यवस्थित तापलाही. ते पाहून आमच्याकडे आलेल्या वायरमनने सांगितले की ओव्हनमध्ये काही बिघाड नाही, तुमचा आरसीसीबीच फार नाजूक आहे, प्लगमधली अर्थिंगची वायर काढून टाका म्हणजे तो पडायचा थांबेल. माझे मन या उपायाला तयार होत नाही. घरात सासूबाई आहेत, लहान मुलगा आहे, आणि ओट्यापुढची फरशी बहुतेक वेळा ओलसर असते.

दुसरी अडचण उन्हाळ्यापासूनचीच आहे. 180 अंशांवर, मधल्या खाचेत, ओव्हनबरोबर मिळालेल्या काळ्या ट्रेमध्ये बटर पेपर घालून नानखटाई ठेवते, तर ती खालून करपते आणि वरून पांढरीच राहते. संध्याकाळी हा फरक अधिक जाणवतो. रॉड खराब झाले आहेत का, की संपूर्ण ओव्हनच बदलायला हवा? आणि दुरुस्त झाला तर पुढच्या पावसाळ्यात तो कसा ठेवावा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मेगर

समिधाताई, सर्वांत आधी हे सांगतो की अर्थिंगची वायर काढू नका, आणि ज्या घरात आरसीसीबी नाही तिथे हा ओव्हन पुन्हा लावू नका. मी तापणाऱ्या उपकरणांची दुरुस्ती आयुष्यभर करत आलो आहे, आणि किनारपट्टीवरून येणाऱ्या ओव्हन-गीझरच्या तक्रारींत दर वर्षी पावसाळा संपताना नेमके हेच लक्षण दिसते. त्यामागचे कारण एकदा समजून घेतले की पुढे काय करायचे ते आपोआप स्पष्ट होईल.

ओव्हनचा रॉड वरून लोखंडी कांबीसारखा दिसत असला, तरी तो आतून पोकळ नळीचा असतो. नळीच्या मधोमध निकेल-क्रोमियमच्या तारेची कॉइल असते, आणि ती तार नळीच्या पत्र्याला कुठेही टेकू नये म्हणून सभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड दाबून भरलेली असते. ही पूड उष्णता चांगली वाहून नेते आणि कोरडी असताना वीज अडवते, म्हणूनच ती वापरतात. परंतु तिला हवेतला दमटपणा शोषून घेण्याची सवय आहे. नळीची दोन्ही टोके सील केलेली असली तरी तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत ते सील हळूहळू सैल पडते, आणि ओव्हन महिनोन्‌महिने थंड पडून राहिला की टोकांकडून ओलावा आत शिरतो. ओल्या पुडीतून वीज नळीच्या पत्र्यावर, तिथून ओव्हनच्या अंगावर आणि अर्थिंगच्या वायरीतून जमिनीकडे झिरपू लागते.

आरसीसीबी फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करत असतो, आणि दोहोंत फरक पडला की पुरवठा तोडतो. घरगुती आरसीसीबी साधारणतः 30 मिलिअँपिअरचा असतो. एमसीबीचे काम वेगळे आहे. तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहिला किंवा शॉर्ट सर्किट झाले तरच पडतो. तुमचा एमसीबी शांत राहतो आणि आरसीसीबी पडतो, याचा अर्थ शॉर्ट सर्किट नाही, तर गळती आहे. दिवा लागतो आणि रॉड निवडल्यावरच पुरवठा तुटतो, म्हणजे संशय कॉर्डवर कमी आणि रॉडवर किंवा रॉडच्या टोकांच्या जोडणीवर अधिक आहे. शेजारच्या घरात ओव्हन चालला यावरून तो निर्दोष ठरत नाही; तिथेही गळती होतीच, फक्त ती ओळखून वीज तोडणारे कोणी नव्हते. अशा ओव्हनची अर्थिंग काढली, तर आज जी वीज वायरीतून मुकाट्याने जमिनीत जाते, ती पत्र्यावर अडून राहील आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून दाराच्या मुठीला हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून वाट काढील. माणसाचा जीव घ्यायला 30 मिलिअँपिअरहून फार जास्त प्रवाह लागत नाही. भारतीय प्लगची अर्थिंगची पिन इतर दोन पिनांहून लांब आणि जाड ठेवलेली असते, ती सॉकेटमध्ये सर्वांत आधी टेकावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणूनच. इतक्या विचाराने दिलेले संरक्षण कोणाच्याही सांगण्यावरून काढून टाकू नये.

आता तपासणी. निवडीच्या बटणावर 'फक्त वरचा रॉड' आणि 'फक्त खालचा रॉड' अशा खुणा असतील, तर एक एक करून पाहा, म्हणजे दोष कोणत्या बाजूला आहे ते कळेल. (क्वचित असेही होते की गळती न्यूट्रलच्या टोकाकडे जास्त असते, आणि मग भिंतीवरचे बटण बंद असतानाही नुसता प्लग खोचलेला असला तरी आरसीसीबी पडतो, कारण आपल्याकडे सॉकेटचे बटण फक्त फेज तोडते. तसे झाले तर प्लगच बाहेर काढून ठेवावा.) त्यापुढचे काम जाणकार तंत्रज्ञाकडून करून घ्या, आणि त्याला येताना मेगर घेऊन यायला सांगा. साधा मल्टिमीटर काही व्होल्टचाच दाब देतो, त्यामुळे त्यावर अशी गळती नेहमी दिसत नाही; मेगर 500 व्होल्ट लावून रोध मोजतो. ओव्हनचा प्लग काढून, रॉडच्या वायरी सोडवून, रॉडचे टोक आणि नळी यांच्यामधला रोध मोजला, तर तो किमान 1 मेगाओम भरला पाहिजे. चांगला कोरडा रॉड याहून कितीतरी जास्त दाखवतो. त्याच वेळी बाजूचा पत्रा उघडून टोकांचे लगही (वायर जोडायचे धातूचे तुकडे) पाहून घ्यायला सांगा. खाऱ्या हवेत ते हिरवट-पांढरे गंजतात, सैल होतात आणि तापून काळे पडतात. त्या कप्प्यात झुरळे आणि पालीही शिरतात, आणि मेलेली पाल दोन टोकांमध्ये अडकली तरी लक्षण हेच दिसते. वायर बदलावी लागली तर फायबरग्लासच्या वेष्टनाचीच घालायला सांगा. घरात वापरतो ती साधी पीव्हीसी वायर 70 अंशांसाठी असते, ती ओव्हनच्या आत टिकत नाही.

ओव्हन बदलण्याची घाई करू नका. गळती ओलाव्यामुळेच असेल, तर बहुतेक रॉड सुकवल्यावर पूर्ववत होतात. काय आढळले ते इथे कळवा, म्हणजे पुढचे सांगता येईल.

बटर_पेपर

मेगर यांनी विजेची बाजू मांडलीच आहे, म्हणून मी फक्त खालून करपण्याविषयी लिहिते. मी पुण्यात घरूनच बिस्किटे आणि केक करून देते, आणि ओटीजी वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येते.

समिधाताई, पहिला संशय त्या काळ्या ट्रेवर घ्यावा. काळा पृष्ठभाग रॉडमधून येणारी उष्णता थेट शोषून घेतो, आणि ओटीजीमध्ये खालचे रॉड ट्रेपासून जेमतेम वीतभर अंतरावर असतात. बटर पेपरने नानखटाई चिकटत नाही एवढेच, त्याने उष्णता अडत नाही. फिकट रंगाचा, थोडा जाड अॅल्युमिनियमचा ट्रे घ्या आणि तो मधल्याच्या वरच्या खाचेत ठेवा. तरीही खालची बाजू गडद होत असेल, तर सर्वांत खालच्या खाचेत एक रिकामा लहान ट्रे ठेवावा, म्हणजे रॉडची थेट धग अडते. मात्र त्याच्या चारही बाजूंनी हवा खेळायला जागा राहिली पाहिजे. तळाशी अॅल्युमिनियमची फॉइल अंथरण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात, तो करू नका. फॉइल उष्णता परावर्तित करते, रॉडला चिकटू शकते आणि तळाच्या पत्र्याचे नुकसान करते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रीहीट. ओव्हन तापत असताना रॉड अखंड चालू असतात आणि लालभडक होतात. त्या वेळी ट्रे आत गेला, की वरची हवा तापण्याआधीच नानखटाईचा तळ भाजून निघतो. थर्मोस्टॅटचा दिवा पहिल्यांदा विझला की लगेच ट्रे न घालता आणखी पाच-सात मिनिटे थांबावे, म्हणजे भिंती आणि हवा दोन्ही सारख्या तापतात. नानखटाईला 180 अंश माझ्या मते जास्तच होतात. 160 ते 165 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे ठेवून, शेवटची दोन-तीन मिनिटे फक्त वरचा रॉड लावला तर वरचा रंग हवा तसा येतो आणि तडेही सुरेख पडतात. त्या शेवटच्या मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नये, कारण पिठीसाखर आणि तूप असलेले पीठ रंग धरू लागले की फार वेळ देत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे बटणावरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा. ओटीजीचा थर्मोस्टॅट बाजूच्या भिंतीजवळच्या एका बारीक नळीतल्या द्रवाच्या प्रसरणावर चालतो. तो ठरलेल्या तापमानाच्या थोडे वर जाऊन रॉड बंद करतो आणि थोडे खाली आल्यावर पुन्हा चालू करतो. त्यामुळे दहा-पंधरा अंशांचा चढउतार हा दोष समजू नये. त्याहून मोठा फरक आहे का हे पाहण्यासाठी ओव्हनमध्ये ठेवायचा तबकडीचा तापमापक घेणे सर्वांत चांगले. तो मिळेपर्यंत साखरेची परीक्षा करता येते. शुद्ध साखर 186 अंशांच्या आसपास वितळते. एका लहान वाटीसारख्या दुमडलेल्या फॉइलमध्ये चमचाभर साखर घालून ती मधल्या खाचेत ठेवावी. नीट तापलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर पंधरा मिनिटांत ती वितळता कामा नये, आणि 190 अंशांवर तेवढ्याच वेळात नवी साखर वितळली पाहिजे. 180 वरच तिचे पाणी झाले, तर तुमचा ओव्हन आकड्यापेक्षा जास्त तापतो. 190 वरही ती कोरडी राहिली, तर कमी तापतो. फरक कळला की तेवढे अंश कमी-जास्त करून चालवता येते, थर्मोस्टॅट बदलावाच लागतो असे नाही.

संध्याकाळी फरक वाढतो असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून व्होल्टेजही पाहायला हवे. रॉडची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 व्होल्टला 2000 वॅट देणारा ओव्हन 200 व्होल्टला जेमतेम 1500 वॅट देतो. मग तो तापायला वेळ घेतो, खालचे रॉड जास्त काळ सलग पेटलेले राहतात आणि वरची बाजू रंग धरत नाही. ऑर्डरीचा माल शक्य तर दुपारी करा. आणखी एक पाहा: 2000 वॅटला सुमारे 8.7 अँपिअर लागतात, तेव्हा ओव्हन 16 अँपिअरच्या सॉकेटवरच लावला पाहिजे, कन्व्हर्टर प्लगने लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. अर्धा तास चालवून प्लग काढल्यावर पिना हाताला चटका देत असतील, तर सॉकेटची पकड सैल झाली आहे असे समजून ते बदलून घ्यावे.

म्हापशेकर

समिधाताईंनी पावसाळ्यात ओव्हन कसा ठेवावा हे विचारले आहे, आणि तो प्रश्न आमच्या गोव्यात प्रत्येक घरचा आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे नाताळात बेबिंक (थराथरांचा गोड पदार्थ) होते. पूर्वी भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून वरच्या धगीवर एकेक थर भाजत असत. आता ते काम ओव्हनचा वरचा रॉड करतो. त्यामुळे वरच्या रॉडची काळजी आम्ही जिवापाड घेतो.

प्लॅस्टिकचे आवरण आधी काढून टाका. त्याच्या आत दमट हवा कोंडून राहते आणि रात्री गार झाली की पत्र्यावर पाणी धरते. सुती कापडाचे आवरण घालावे, तेही ओव्हन पूर्ण निवल्यावर. ओव्हन सिंकच्या शेजारी किंवा पावसाची झड येणाऱ्या खिडकीखाली ठेवू नये, आणि मागे व बाजूंना चार बोटांपेक्षा जास्तच मोकळी जागा सोडावी. परंतु सर्वांत उपयोगी पडते ती एकच गोष्ट: जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा, काही भाजायचे नसले तरी, दोन्ही रॉड लावून रिकामा ओव्हन 100 ते 120 अंशांवर वीस मिनिटे चालवावा. आत शिरू पाहणारा ओलावा मुरण्याआधीच निघून जातो. विजेचा खर्च नगण्य असतो, आणि नव्या रॉडच्या शोधात बाजार पालथा घालावा लागत नाही.

सफाईबद्दलही सांगतो, कारण खारी हवा आणि चुकीची सफाई मिळून ओव्हनचा पत्रा फार लवकर खातात. बेबिंकात नारळाचा रस, साखर आणि तूप असते. त्याचा एखादा ओघळ खाली सांडला की पुढच्या वेळी धूर होतो. तुकड्यांचा तळाचा ट्रे दर वापरानंतर, ओव्हन निवल्यावर, काढून धुवावा. आतल्या भिंतींना खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून तासाभराने ओल्या कपड्याने दोनदा पुसावे, आणि अॅल्युमिनियमच्या ट्रेवर ती जास्त वेळ ठेवू नये, कारण सोड्याने तो काळा पडतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र कालवले की दोघेही एकमेकांचा जोर मारतात, म्हणून ते वेगवेगळ्या वेळी वापरावेत. तारेच्या काथ्याने भिंती घासू नका. वरचा मुलामा खरवडला गेला की तिथून गंज सुरू होतो. कॉस्टिक सोडा असलेले ओव्हन क्लीनर मोठ्या एनॅमलच्या ओव्हनसाठी असतात, ते ओटीजीच्या भिंतींना चालत नाहीत. रॉडवर कोणताही साबण किंवा सोडा लावू नये. त्यावर सांडलेले काही असेल तर थंड रॉड घट्ट पिळलेल्या ओल्या कपड्याने हलकेच पुसून, लगेच ओव्हन दहा मिनिटे रिकामा तापवावा. काच गरम असताना तिला ओले फडके लावू नये, ती तडकते.

समिधा_देवगड

सर्वांचे मनापासून आभार. मेगरकाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तपासले. फक्त वरचा रॉड लावला तर ओव्हन चालतो. खालचा निवडताच आरसीसीबी पडतो. कणकवलीहून मेगर असलेले तंत्रज्ञ बोलावले. वरच्या रॉडचा रोध 20 मेगाओमच्या वर आला, आणि खालच्या दोनपैकी एका रॉडला काटा जवळपास शून्यालाच टेकला. टोकांचे लगही गंजले होते, ते त्यांनी बदलून दिले. पाल वगैरे काही सापडली नाही. त्यांचे म्हणणे असे की नवा रॉड मागवावा, पण तो यायला वेळ लागेल. हा रॉड सुकवून पाहता येईल का, आणि सुकला आहे हे कसे ओळखावे? सासूबाईंनी सुचवले की ओव्हन दोन दिवस कडक उन्हात ठेवावा. ते पुरेसे होईल का?

मेगर

समिधाताई, फार नीट तपासणी करून घेतलीत. सासूबाईंची दिशा बरोबर आहे, परंतु नुसत्या उन्हाने नळीच्या आतली पूड पुरेशी तापत नाही. रॉड काढून घ्या आणि ज्यांचा ओव्हन चांगला चालतो अशा कोणा ओळखीच्यांकडे तो जाळीवर ठेवून 120 ते 150 अंशांवर चार-पाच तास भाजून घ्या. टोकांना रबराचे किंवा प्लॅस्टिकचे काही अडकवलेले असेल तर ते आधी काढावे. काही जण ओव्हनमध्ये 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब रात्रभर लावून ठेवतात. थोड्या ओलाव्याला त्याने गुण येतो, पण काटा शून्याला टेकलेल्या रॉडला तो पुरणार नाही.

सुकवल्यानंतर रॉड पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मगच मेगर लावावा. रोध 1 मेगाओमच्या बराच वर आला, तर तो दोन दिवस घरातल्या हवेत तसाच ठेवून पुन्हा मोजा. आकडा टिकला तर रॉड निःशंकपणे वापरा. दोन दिवसांत तो पुन्हा कोसळला, तर सील गेले आहे किंवा नळीला कुठेतरी बारीक भेग आहे. मग त्याला दुरुस्ती नाही. नळीवर फुगलेली जागा, पांढरा डाग किंवा टाचणीएवढे छिद्र दिसते का, हे उजेडात फिरवून पाहा. असे काही दिसले तर तो सुकवण्यातही वेळ घालवू नका.

नवा रॉड मागवताना केवळ ओव्हनचे लिटर सांगून भागत नाही. जुन्या रॉडची एकूण लांबी, नळीची जाडी, टोकांचा प्रकार आणि त्यावर कोरलेले व्होल्ट व वॅट हे सगळे द्यावे. तुमच्या ओव्हनमध्ये खालचे दोन रॉड एकमेकांना सिरीजमध्ये जोडलेले असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर प्रत्येकावर 230 नव्हे, तर 115 किंवा त्याच्या जवळचे व्होल्ट लिहिलेले आढळतील. दुकानदाराने 230 व्होल्टचा दिला, तर दोन्ही रॉडमध्ये भार सारखा वाटला जाणार नाही आणि नानखटाई एका बाजूने करपून दुसऱ्या बाजूने कच्ची राहील.

रॉड बसवून झाल्यावर तंत्रज्ञांकडून आणखी दोन गोष्टी करून घ्या. प्लगची अर्थिंगची पिन आणि ओव्हनच्या पत्र्यावरचा रंग नसलेला एखादा स्क्रू यांच्यामधला रोध मोजायला सांगा. तो एक ओहमच्याही खाली असला पाहिजे. आणि घराच्या आरसीसीबीवरचे 'टी' अक्षराचे बटण त्यांच्यासमोर दाबून पाहा. ते दाबताच पुरवठा तुटला पाहिजे, आणि पुढेही दर दोन-तीन महिन्यांनी ते दाबून पाहावे. हे सगळे जमले की ओव्हन रिकामा, दार किंचित उघडे ठेवून, 100 अंशांवर अर्धा तास चालवा, मग दार लावून 150 वर आणखी अर्धा तास. त्यात आरसीसीबी पडला नाही, तर ऑर्डरी घ्यायला हरकत नाही.